शिंगाड्यांच्या पलीकडे ऐकणारा रिसिव्हर

बाबांनी शब्द देऊन टाकला, तेव्हा माझं विमान तलावाच्या मध्यापर्यंतसुद्धा जात नव्हतं.

हे घडलं ताईच्या सासरी, आरमोरीकडे, भाचीच्या बारशाला. आमच्या झाडीपट्टीत व्याह्याला इवाई म्हणतात आणि एका इवायाने दुसऱ्याची थट्टा करायची, हा जणू नियमच आहे. न करणाऱ्याला लोक विचारतात, रागावले का जी? जेवणं आटोपल्यावर ताईचे सासरे सुपारी कातरत बाबांना म्हणाले, "का जी इवाई, पोट्टा बी.एस्सी. झाला म्हणता, पण करते काय? सिमेंटच चाळते ना? चाळाले तं आमची बुढीबी चाळते, पीठ."

सगळे हसले. मीही हसलो. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझं काम खरोखर चाळण्यांपासूनच सुरू होतं. पण बाबा हसले नाहीत. माझी पदवी त्यांच्यासाठी हसण्याचा विषय नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला माणूस. मूल गावच्या शाळेत मी रोज सायकलने जायचो, तेव्हा पावसाळ्यात सायकलसकट मला डोंग्यात घालून नाल्यापार सोडणारे बाबाच.

"माहा पोरगा इमान उडवते," ते म्हणाले.

"इमान?"

"हाव. सोता बनवलं. तलावाच्या त्या पाळीपर्यंत जाते अन् वापस येते. माह्या हातात येऊन बसते."

"मंग दाखवा ना!"

"मंडईले या. दाखवतो."

दिवाळीनंतर आमच्या गावोगावी मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दुपारी ढोलकीवरच्या नाचगाण्यांची दंडार होते, रात्री नाटक. मंडईत दिलेला शब्द म्हणजे साऱ्या पाहुण्यांसमोर दिलेला शब्द. परतताना बसमध्ये मी बाबांना म्हटलं, "बाबा, ते शिंगाड्यांच्या पुढे जात नाही."

"तं जाईन असं कर," ते म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेले.

विमानाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या तलावातले मासे बर्फ घालून थर्माकोलच्या डब्यांतून चंद्रपूरला जातात. फुटके डबे घराच्या मागे पडून असतात. कारखान्यातल्या एका इंजिनिअर साहेबांना रेडिओवर चालणारी विमानं उडवायचा नाद होता. मी त्यांच्यामागे मैदानावर नुसताच उभा राहायचो. बदली झाली तेव्हा त्यांनी आपला जुना ट्रान्समीटर, म्हणजे हातात धरायचा रिमोट, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या डोळ्यांत दिसतं मला. घे." एवढ्या मोठ्या माणसाने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, याचंच मला किती दिवस अप्रूप वाटत होतं. त्यांनी मला मोटर बसवायला शिकवलं होतं, शेपटी हलवणाऱ्या छोट्या मोटरी जोडायला शिकवलं होतं. अंग मी माशांच्या डब्यांचं केलं. पंख कापले तेव्हा त्यातून रोहूचा वास आला आणि तो अजून गेलेला नाही.

विमानात बसणारा रिसिव्हर तेवढा नव्हता. रिमोट बोलतो आणि रिसिव्हर ऐकतो. ऐकलेलं तो मोटरींना सांगतो. मी मिळाला तो घेतला होता, नखाएवढा, एकच अँटेना असलेला, घरातल्या घरात उडवायच्या हलक्या विमानांसाठीचा. आमच्या पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, विमान सोडलं की ते शिंगाड्यांच्या वेलींपर्यंत शहाण्यासारखं जायचं. तिथे गेलं की त्याला माझं ऐकू येईनासं व्हायचं. मग ते आपल्या मनाने एक गिरकी घ्यायचं आणि शिंगाड्यांत पडायचं. बाबा डोंगा घेऊन जायचे, काटे बाजूला सारून ते उचलायचे आणि जाळ्यातला मासा उचलावा तसं एकदा झटकून पाणी काढायचे. इतक्यांदा झालं होतं की पाळीवर कपडे धुणाऱ्या बायांनाही त्यात नवल उरलं नव्हतं.

आता मात्र तसं चालणार नव्हतं. मी रिसिव्हर शोधायला बसलो.

शोधायला बसल्यावर कळलं की लग्नासाठी स्थळ पाहणं सोपं. पहिली अडचण भाषेची. प्रत्येक कंपनीचे रिमोट आणि रिसिव्हर आपापल्या बोलीत बोलतात. सिरोंचाच्या माणसाने तेलुगूत हाक मारली तर आमच्या गावातला माणूस मान वर करणार नाही, तसं. रिसिव्हर कितीही चांगला असो, साहेबांच्या रिमोटची बोली त्याला येत नसेल तर तो आपल्या कामाचा नाही. एवढ्यानेच अर्धी यादी बाद झाली. मग चॅनेल. एक चॅनेल म्हणजे विमानाला देता येणारी एक आज्ञा. वेग कमीजास्त करणं हे एक, नाक वरखाली करणं दुसरं, उजवीडावीकडे वळणं तिसरं. मला तेवढं पुरत होतं. पण आठ चॅनेलचा, आतच तोल सांभाळणारी यंत्रणा असलेला एक रिसिव्हर मला फार आवडला. त्याचा फोटो मी जेवताना पाहायचो, शिफ्टमध्ये पाहायचो. शेवटी मी नागपूरच्या एका दुकानदाराला फोन लावला. माणूस बडबड्या होता, पण आधी त्यानेच प्रश्न विचारले.

"भाऊ, विमान केवढं? वजनाला कसं?"

मी सांगितलं.

"उडवता कुठं?"

"तलावावर."

"तलावावर? अरे बाप्पा! लोक पाण्यापासून लांब पळतात. पडलं तर?"

"बाबा काढतात."

"बाबा काढतात," तो स्वतःशीच म्हणाला. "ठीक आहे. मग ते आठवालं सोडा. त्यातली यंत्रणा बसवायची, शिकायची, बिघडली तर पुन्हा शिकायची. तुम्हाला लांब ऐकणारा पाहिजे ना? मग सहा चॅनेलचा, दोन अँटेनावाला घ्या. विमान वळतं तेव्हा एका अँटेनाचं तोंड तुमच्याकडून फिरतं, पण दुसरीचं राहतं. दोन्ही एकमेकींना काटकोनात ठेवा. आणि हा उलटा निरोपही देतो. सिग्नल कमी झाला की तुमचा रिमोट बीप करतो. आणि हो, फेलसेफ नीट लावा."

फेलसेफ म्हणजे सिग्नल अगदी तुटला तर विमानाने काय करायचं, हे रिसिव्हरला आधीच शिकवून ठेवणं. काही रिसिव्हर शेवटची आज्ञाच धरून बसतात. तसं झालं तर आमचं विमान सरळ पलीकडच्या सागवानात गेलं असतं, आणि तिथे शोधायला बाबासुद्धा उतरले नसते. त्या जंगलात वाघीण पिल्लं घेऊन फिरत होती. मी रात्री जेवताना फोनवर बाबांना विचारलं, "मी सांगितलेलं विमानाला ऐकू आलं नाही, तर त्याने काय करावं?"

"घरी यावं," बाबा लगेच म्हणाले.

"तेवढं हुशार नाही ते."

"मंग खाली बसावं. पाण्यात बसलं तं मी हावोच."

मला हसू आलं, पण उत्तर अगदी बरोबर होतं. दुसरे लोक विमान पाण्यात पडू नये म्हणून जिवाचं रान करतात. आम्ही ठरवलं की पडायचंच असेल तर पाण्यातच पडावं. सिग्नल गेला की मोटर बंद, शेपटी थोडी वळलेली, म्हणजे ते घारीसारखं गोल गोल उतरत तलावातच येईल. मी सहा चॅनेलचा रिसिव्हर मागवला.

तो आला, त्याची रिमोटशी ओळख करून दिली, विमान गावी होतं म्हणून त्याला शेपटीची एक सुटी मोटर जोडली, आणि कारखान्याच्या कॉलनीच्या मैदानावर बाकड्यावर ठेवून चाचणी घेतली. अशा चाचणीत रिमोटची ताकद मुद्दाम कमी करतात आणि पायी दूर जात पाहतात. मी मैदानाच्या टोकाच्या बाभळीपर्यंत गेलो, तरी शेपटीची मोटर इमानदारीने हलत होती. वळून येताना मी चक्क शीळ घालत होतो.

मंडईच्या आदल्या दिवशी घरी पोचलो, तर ओसरीत विमान चमकत होतं.

मासे नेण्याच्या डब्यांना आतून लावायची अॅल्युमिनियमची चंदेरी शीट बाबांनी आणली होती आणि विमानाला नाकापासून शेपटीपर्यंत चिकटवली होती. पंखही चंदेरी, पोटही चंदेरी. कोपऱ्यांना अशा घड्या पाडल्या होत्या की शिवणसुद्धा दिसत नव्हती. किती संध्याकाळी बसले असतील कोण जाणे. विमान अगदी पाण्यातून आत्ताच काढलेल्या माशासारखं दिसत होतं.

"आता पाण्याचा थेंब आत जात नाई," बाबा म्हणाले. "का गा, कसं वाटलं?"

"एकदम भारी, बाबा."

आणि ते खरंच भारी होतं. मी रिसिव्हर पोटात बसवला, दोन्ही अँटेना काटकोनात चिकटवल्या, झाकण लावलं आणि आईच्या हातात विमान देऊन पाळीवरून चालायला लागलो. वडाच्या झाडापर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो तर आई ओरडली, "थांबलं गा! शेपटी हालून नाई राह्यली!"

मी परत आलो, शेपटी हलली. पुन्हा गेलो, पुन्हा थांबली. बॅटरी बदलली, जोडण्या काढून लावल्या. तेच. शेवटी विमान उडवून पाहिलं, ते शिंगाड्यांपर्यंतही गेलं नाही. काठाजवळच रिमोट बीप बीप करायला लागला आणि फेलसेफने आपलं काम केलं. विमान गोल फिरत आलं आणि पाण्यावर बसलं. बाबांनी ते कमरेएवढ्या पाण्यातून आणलं.

"नवा हाय ना तो?" त्यांनी विचारलं.

"नवाच आहे."

त्यांनी विमान पुसून ओसरीत ठेवलं. ताईचा फोन आला होता, सकाळच्या बसने सगळे निघणार होते. सासरेबुवांनी आपल्या दोन चुलतभावांनाही सोबत घेतलं होतं, खास विमान पाहायला.

मी नागपूरला फोन लावला. "रिसिव्हर बदलून देतो, भाऊ," दुकानदार म्हणाला, "पण कुरिअर उद्या कुठून पोचणार? अँटेना कशा ठेवल्यात?" मी सांगितलं. "बरोबर आहेत की," तो म्हणाला. मी ओसरीत बसून पुन्हा विचार केला. आठवाला घ्यायला हवा होता का? साहेबांचा रिमोटच जुना झाला का?

तेवढ्यात बाबांच्या फोनवर सिंदेवाहीहून मावशीचा फोन आला. मी उचलला. "तुह्या मायचा फोन काऊन लागून नाई राह्यला सकाळपासून?" ती भडकलेली होती. "मी मंडईले येऊ का नको येऊ? का पुन्हा त्या डब्यात कोंबला तिनं?"

आईचा फोन एकदा पाणी भरलेल्या धानाच्या बांधीत पडला होता. तेव्हापासून शेतात जाताना ती तो स्टीलच्या गोल डब्यात घालून, वरून झाकण घट्ट लावून नेते. परत आल्यावर काढायचा विसरते. पाहतो म्हणून मी मावशीचा फोन ठेवला आणि चुलीजवळच्या फळीवरून डबा काढला. आत फोन होता, भरपूर चार्ज केलेला आणि सगळ्या जगापासून तुटलेला. झाकण उघडताच तो वाजायला लागला, मावशीचाच.

मी डबा हातात धरून तसाच उभा राहिलो. मग ओसरीतल्या चंदेरी विमानाकडे पाहिलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी एका बाईंनी धातूचा डबा आणि रेडिओ घेऊन हेच करून दाखवलं होतं. रेडिओ डब्यात ठेवला की गाणं बंद. मी ते परीक्षेत आकृतीसह लिहून आलो होतो. रिसिव्हरमध्ये काहीच बिघाड नव्हता. आम्ही त्याला डब्यात घातलं होतं.

उपाय कळला, पण तोंडून काढवत नव्हता. ज्या चंदेरी पोटाला बाबांनी इतक्या संध्याकाळी दिल्या, तेच फाडायचं होतं. मी आधी आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्याहिलेच सांग. मी नाई सांगत बाप्पा."

मी बाबांना डबा दाखवला, आईचा फोन त्यात घातला आणि म्हटलं, "लावा बरं." त्यांनी लावला. लागला नाही. मी झाकण काढलं. लागला. त्यांनी पुन्हा झाकण लावायला लावलं, पुन्हा काढायला लावलं. मग विमान मांडीवर घेतलं आणि पोटावरच्या शीटवरून एकदा अंगठा फिरवला.

"पंखाईची राहू द्याची का काढाची?"

"पंखांची राहू द्या. फक्त पोटाची. आणि अँटेना बाहेर काढाव्या लागतील."

"मांगूर मासोळीच्या मिश्यावानी?"

"अगदी तशाच."

"मंग सांगाले काऊन इतका येळ लावला?" ते म्हणाले आणि आपल्या सुरीनेच पोटाची शीट कापायला बसले. त्यांच्या हाताला ते काम नवं नव्हतं. मासा साफ करतात तशी एका रेषेत सुरी चालली. पाण्याची काळजी होतीच, म्हणून मी रिसिव्हर भाचीसाठी आणलेल्या एका फुग्यात घातला आणि फुग्याचं तोंड बांधून दोन्ही अँटेना बाहेर काढल्या. उसाच्या रसाच्या दोन नळ्यांत घालून एक वर उभी केली, एक आडवी. चंदेरी पंख, पांढरं पोट आणि दोन मिशा. आई म्हणाली, "आता खरंच मांगूर दिसते."

दिवे लागायच्या आत मी पाळीवरून चाललो. वड मागे पडला, मारुतीचं देऊळ मागे पडलं, तलावाचं पाणी सोडायची मोरी आली, तरी आई लांबून हात हलवत होती. शेपटी हलत होती.

दुसऱ्या दिवशी मंडईला ही गर्दी. पाळीवर जिलेबीची दुकानं, बांगड्यांची दुकानं, पाळणा, भोंग्यावर रात्रीच्या नाटकाची जाहिरात. पोलीस पाटलांना मी आधीच विचारून ठेवलं होतं आणि विमान लोकांच्या डोक्यावरून न्यायचं नाही, पाण्यावरच ठेवायचं, असं कबूल केलं होतं. ताईचे सासरे चुलतभावांना घेऊन आले. विमान पाहताच म्हणाले, "का जी इवाई, याले मिश्या काऊन? दाढी नाई का ठेवली?"

"त्याचे कान हायेत ते," बाबा म्हणाले. "तुमची थट्टाबी आयकून राह्यलं ते." आणि डोंगा ढकलून शिंगाड्यांच्या कडेला जाऊन बसले.

मी सोडलं. विमान पाण्यावरून निघालं, बाबांच्या डोंग्यावरून गेलं, शिंगाड्यांवरून गेलं. इथपर्यंत मला त्याची वाट पाठ होती. त्यापुढचं पाणी त्याने आजवर पाहिलेलं नव्हतं. रिमोट गप्प होता, एकही बीप नाही. विमान लहान होत गेलं, चिमणीएवढं, मग माशीएवढं. पलीकडची पाळ आली, तिच्यामागे सागवान. दंडारीतले ढोलकीवालेही थांबून पाहत होते.

"गेलं," मागून ताईचे सासरे म्हणाले. "वाघिणीच्या घरी गेलं."

मी वळवलं. एवढ्या लांबून ते कुठल्या बाजूला कललंय हे मला कळणारच नव्हतं, पण चंदेरी पंखावर ऊन पडलं आणि लख्ख चमकलं. त्या चमकेवरून मला समजलं की ते माझ्याकडे वळलंय. पोटाची शीट काढताना मला जेवढं वाईट वाटलं होतं, तेवढंच बरं त्या क्षणी वाटलं.

माशीची चिमणी झाली, चिमणीची घार. शिंगाड्यांच्या अलीकडे आल्यावर मी मोटर बंद केली. विमान खाली खाली येत गेलं, पोट पाण्याला टेकलं, एक पांढरी रेघ उठली, आणि घसरत घसरत ते डोंग्याच्या कडेला जाऊन थांबलं. बाबांना वल्हंही मारावं लागलं नाही. त्यांनी नुसता हात खाली घातला आणि विमान उचललं. सवयीने एकदा झटकलं.

पाळीवर एकच ओरडा झाला. ताईच्या सासऱ्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. "बाप्पा! इवाई, मासे सोडून आता इमानं धरून राह्यले का जी?"

बाबा काठावर आले. विमान त्यांनी माझ्याकडे नाही, ताईच्या सासऱ्यांकडे दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, भाचीला बारशाला घेतलं होतं तसं. उलटंपालटं करून पाहिलं. मिशांना हात लावावा की नाही, या विचारात थोडे थांबले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "का गा, आमच्या गावचा तलाव याच्याऊन दुप्पट हाय. तिकडच्या मंडईले आणशीन का?"

मी म्हटलं, "मामाजी, दुप्पट म्हणजे मला आधी पाहावं लागेल. सिग्नल तेवढा पोचतो का, बॅटरी..."

माझं वाक्य पुरं झालं नाही. बाबा चिंब धोतराने मागेच उभे होते.

"जाते ना," ते म्हणाले. "त्या पाळीपर्यंत जाते अन् वापस येते."